घड्याळामागचा हिरवा दिवा आणि कमला सोहोनींचा बटाटा



रात्री खोलीतला लाइट बंद करा आणि हातातलं स्मार्टवॉच मनगटावरून जरासं उचला. मागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. तो काय करतो असं कोणी विचारलं तर आपण हार्टरेट मोजतो म्हणून सांगतो आणि विषय संपवतो.

मीही तसंच केलं होतं. दिवाळीत धुळ्याला, देवपूरच्या घरी गेलो होतो. माझी मामेबहीण बायोटेकमध्ये एम.एस्सी. करतेय. तिने माझं घड्याळ उलटं करून विचारलं, दादा, हा दिवा नेमकं कोणाला वाचतो? मी सॉफ्टवेअरवाला. माझ्यासाठी सेन्सर म्हणजे कोडमध्ये एक नंबर आणून देणारी गोष्ट. मला उत्तर देता आलं नाही. तिनेच सांगितलं: तो तुझ्या रक्तातलं एक प्रोटीन वाचतो.

मग तिने तिच्या प्रोजेक्टबद्दल सांगितलं. तिला प्रकाश टाकला की उत्तर देणारं प्रोटीन, म्हणजे बायोसेन्सर बनवायचा आहे. त्यासाठी सहा महिने दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये जावं लागेल, आणि तिथल्या मशीनवर विद्यार्थ्यांना वेळ मिळते ती बहुतेक रात्रीची. मामा-मामी अडून बसले होते. एकटी मुलगी, अनोळखी शहर, रात्रीची लॅब. घरात दोन दिवस तोच विषय.

त्या दोन दिवसांत मी एका बाईंबद्दल बरंच वाचलं. ही पोस्ट त्यांच्याबद्दल आहे. नाव कमला सोहोनी. १८ जून २०२३ ला गूगल उघडलं असेल तर तुम्ही त्यांचं चित्र डूडलमध्ये पाहिलं असेल, आणि बहुधा पुढे स्क्रोल केलं असेल. मीही केलं होतं.

आधी दिव्याचं उत्तर

रक्त लाल दिसतं कारण त्यातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेतं. घड्याळ मनगटावर हिरवा प्रकाश टाकतं. हृदयाचा ठोका पडला की तिथे क्षणभर रक्त वाढतं, हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. शेजारचा छोटा फोटोडायोड हा चढउतार मोजतो. एका मिनिटात किती वेळा चढउतार झाला, तो तुमचा हार्टरेट.

ऑक्सिजन मोजायचा असेल तर लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरतात. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन या दोन प्रकाशांना वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. कोविडच्या काळात घरोघरी बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर हेच करत होतं.

म्हणजे गंमत अशी की खरा सेन्सर घड्याळात नाही, तो आपल्या शरीरातच आहे. प्रोटीनची अवस्था बदलली की रंग बदलतो, आणि आपण प्रकाश टाकून तो रंग वाचतो. आता कमलाताईंकडे जाऊ.

इंदूर, मुंबई आणि बंगळुरूचं बंद दार

कमला भागवत यांचा जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही केमिस्ट, दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. आज आपण तिला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो. मराठी वाचणाऱ्यांना आणखी एक ओळख सांगतो: लेखिका दुर्गा भागवत या कमलाताईंच्या सख्ख्या मोठ्या बहीण.

१९३३ मध्ये कमलाताई मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि वर्गात पहिल्या. पुढे वडील आणि काका शिकले तिथेच, बंगळुरूला जायचं हे घरात जवळपास ठरलेलं होतं. त्यांनी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीनच वर्षांपूर्वी, १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळालं होतं, आणि तेही प्रकाशावरच्या कामासाठी. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे.

कमलाताई वडिलांना घेऊन बंगळुरूला गेल्या. तरीही नकारच मिळाला. मग त्यांनी गांधीजींचा मार्ग धरला: प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही. गुण जास्त असताना प्रवेश का नाही, याचं उत्तर त्यांना हवं होतं. शेवटी रामन तयार झाले, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही. गाइड सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. आणि लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये.

तिसरी अट पुन्हा वाचा. मुलांचं लक्ष उडालं तर जबाबदारी मुलीची! कमलाताईंना हा अपमान आयुष्यभर बोचला आणि पुढे त्यांनी तो जाहीरपणे बोलूनही दाखवला. पण तेव्हा त्यांनी अटी मान्य केल्या, कारण लॅब हवी होती.

गाइड मिळाले एम. श्रीनिवासय्या. कडक शिस्तीचे, पण मन लावून शिकवणारे. कमलाताईंनी त्यांच्या हाताखाली दूध, डाळी आणि शेंगवर्गीय धान्यांतल्या प्रोटीनवर काम केलं. एका वर्षानंतर रामन यांचं समाधान झालं, कमलाताईंना नियमित प्रवेश मिळाला आणि पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचं दार उघडलं. १९३६ मध्ये या संशोधनावर त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली.

केंब्रिज: दिवसा प्रयोग, रात्री पलंग

शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला गेल्या. केंब्रिजमध्ये न्यूनहॅम कॉलेज आणि सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांचा बायोकेमिस्ट्री विभाग. व्हिटॅमिनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले ते हॉपकिन्स. त्यांच्या विभागात एवढी गर्दी की टेबल रिकामं नाही. डेरेक रिख्टर नावाच्या संशोधकाने आपलं एक टेबल देऊ केलं. दिवसा त्यावर कमलाताईंचे प्रयोग चालायचे आणि रात्री त्याच टेबलावर रिख्टर झोपायचे.

पुढे रिख्टर दुसरीकडे कामाला गेले आणि कमलाताई रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. आपल्या विषयासाठी हे नाव महत्त्वाचं आहे. प्रकाश पडल्यावर पानांमधली हरितलवकं ऑक्सिजन सोडतात का, हे पेशीबाहेर काढलेल्या हरितलवकांवर हिल तपासत होते. पण सुटणारा ऑक्सिजन अगदी थोडा, तो मोजायचा कसा? त्यांनी हरितलवकांच्या शेजारी हिमोग्लोबिन ठेवलं. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिन तो पकडणार, त्याचा रंग बदलणार, आणि हा बदल स्पेक्ट्रोस्कोपमधून दिसणार. १९३७ मध्ये त्यांनी हे काम छापलं.

आता मनगटाकडे बघा. प्रोटीनने ऑक्सिजन धरला की नाही हे प्रकाशावरून ओळखायचं, हीच युक्ती. कमलाताई ज्या माणसाकडे शिकायला गेल्या त्याच्या टेबलावर ती होती.

बटाट्यात काय दिसलं?

स्पेक्ट्रोस्कोप समजायला सोपा आहे. पांढऱ्या प्रकाशाचं इंद्रधनुष्य करायचं आणि वाटेत एखादा पदार्थ ठेवायचा. तो पदार्थ जे रंग शोषतो तिथे इंद्रधनुष्यात काळे पट्टे दिसतात. पट्टे कुठे आहेत त्यावरून पदार्थ ओळखायचा.

केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये किड्यांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये असे पट्टे पाहिले होते. यीस्टचं पाणी हवेत खळखळून हलवलं की पट्टे पुसट होत, आणि थोडा वेळ तसंच ठेवलं की परत येत. हे पट्टे सायटोक्रोम नावाच्या प्रोटीनचे होते. त्यातलं सायटोक्रोम सी हे लहानसं, पोटात लोहाचा अणू धरलेलं प्रोटीन. पेशी अन्नातून ऊर्जा काढते तेव्हा इलेक्ट्रॉन हातोहात पुढे पाठवले जातात, आणि सायटोक्रोम सी त्यातला एक हमाल. हमालाकडे इलेक्ट्रॉन असला तर हिरव्या रंगात, सुमारे ५५० नॅनोमीटरवर, ठळक पट्टा दिसतो. इलेक्ट्रॉन पुढे दिला की पट्टा फिका पडतो. म्हणजे जिवंत पेशी श्वास घेते आहे हे डोळ्यांनी दिसतं!

पण वनस्पतींचं काय? त्याही याच पद्धतीने श्वास घेतात का? पानात बघायला गेलं तर हरितद्रव्याचा रंग इतका गडद की हे पट्टे त्यात बुडून जातात. बटाट्यात ती अडचण नाही. कमलाताईंनी बटाट्यावर काम केलं आणि त्यात सायटोक्रोम सी सापडलं. वनस्पतींच्या पेशींमध्येही ऊर्जा काढण्याच्या साखळीत ते आहे, हा त्यांच्या प्रबंधाचा गाभा. सायटोक्रोमकडून इलेक्ट्रॉन घेऊन ऑक्सिजनला देणारं एन्झाइम फुलझाडांमध्ये आहे, यावर हिल आणि भागवत या दोन नावांनी १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये टिपण आलं.

हे सगळं काम आणि लिखाण अवघ्या १४ महिन्यांत झालं. प्रबंध ४० पानांचा! १९३९ मध्ये केंब्रिजने पीएच.डी. दिली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या भारतीय महिलांमध्ये त्यांचं नाव येतं.

परत भारतात

परदेशात थांबता आलं असतं, पण त्या १९३९ मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये नवा बायोकेमिस्ट्री विभाग त्यांच्याकडे आला. नंतर तामिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी व्हिटॅमिनवर काम केलं. १९४७ मध्ये विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या.

मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन जे विषय निवडले ते सगळे गरिबाच्या ताटातले: डाळींचं प्रोटीन, तांदळाचं पीठ आणि नीरा. नीरेचा विषय डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी सुचवला होता. ताडी होण्याआधीची ताजी नीरा आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना पोषण देऊ शकते का, हा प्रश्न होता. शिरपूर-साक्रीकडचा कोणी हे वाचत असेल तर त्याला प्रश्नाचं वजन वेगळं सांगायला नको. कमलाताईंच्या गटाने नीरेतलं पोषण तपासून दाखवलं आणि या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

आणि तरीही, त्याच संस्थेचं संचालकपद मिळायला अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षं उशीर झाला. बंगळुरूत दार बंद होतं, मुंबईत खुर्ची अडकली. शेवटी ती मिळाली.

निवृत्तीनंतरही त्या गप्प बसल्या नाहीत. ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियात त्या सक्रिय होत्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. संस्थेच्या 'कीमत' मासिकात त्या लिहायच्या. भेसळ हा ग्राहकांचा मोठा प्रश्न, आणि भेसळीच्या घरगुती चाचण्या बघितल्या तर कळतं की युक्ती पुन्हा तीच आहे. दुधात स्टार्च असेल तर आयोडिनचा थेंब टाकल्यावर निळा रंग येतो. डाळीला मेटॅनिल यलो नावाचा घातक रंग लावला असेल तर आम्ल टाकल्यावर गुलाबी-जांभळा रंग येतो. रंग बदलला की पदार्थ बोलला.

१९९८ मध्ये दिल्लीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

मग आजचा सेन्सर कसा बनतो?

कमलाताईंनी बायोसेन्सर शोधला असं मी म्हणत नाहीये. त्यांच्या पिढीने निसर्गात आधीपासून असलेली रंगीत प्रोटीन वाचली. आज आपण हव्या त्या प्रश्नासाठी प्रोटीन बनवतो. मामेबहिणीने मला समजावलं ते तुमच्यासाठी थोडक्यात.

एक, चमकणारा भाग. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांच्या कामातून एका जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रोटीन समोर आलं. त्याला जीएफपी म्हणतात. निळा प्रकाश गिळून हिरवा बाहेर टाकणारं हे प्रोटीन २३८ अमिनो आम्लांचं आहे. आकार पिंपासारखा आणि चमकणारा भाग पिंपाच्या मधोमध. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचं जनुक वेगळं केलं, १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी ते बॅक्टेरिया आणि कृमीत चमकवून दाखवलं, आणि रॉजर त्सिएन यांनी त्यात बदल करून वेगवेगळे रंग आणले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळालं.

दोन, ओळखणारा भाग. समजा कॅल्शियम ओळखायचं आहे. मेंदूतली पेशी संदेश पाठवते, स्नायू आखडतो, तेव्हा पेशीत कॅल्शियम वाढतं. कॅल्शियमला धरणारं कॅल्मोड्युलिन नावाचं प्रोटीन आपल्या शरीरात आहेच. ते घ्यायचं.

तीन, जोडणी. पिंपाला एका जागी कापून नवी टोकं काढायची आणि तिथे ओळखणारा भाग जोडायचा. कापल्यामुळे पिंपाला भोक पडतं, चमकणाऱ्या भागापर्यंत पाणी पोचतं आणि चमक मंदावते. कॅल्शियम आलं की कॅल्मोड्युलिन आकसतं, भोक बुजतं आणि चमक वाढते. २००१ मध्ये आलेला जीकॅम्प सेन्सर असाच आहे.

चार, डिबगिंग. दोन भागांच्या मधे दोन-तीन अमिनो आम्लांचा दुवा असतो. तो जरा बदलला तर चमक दुप्पट तरी होते नाहीतर संपते. कोणता दुवा चालेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. शेकडो प्रकार बनवायचे आणि एकेक तपासायचा. शिवाय आम्लता बदलली तरी चमक बदलते, आणि फार वेळ प्रकाश टाकला तर चमक कायमची जाते. मशीनवर रात्री का बसावं लागतं ते मला इथे कळलं. माझ्या टेस्ट केसेस सर्व्हरवर आपोआप चालतात. तिच्या टेस्ट केसेस जिवंत आहेत, त्यांच्याजवळ थांबावं लागतं.

आणि बटाट्याचा जवळचा नातेवाईक? २००४ मध्ये आलेला आरओजीएफपी. जीएफपीमध्ये दोन ठिकाणी बदल केले की ते पेशीत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण कुठे झुकली आहे हे दाखवतं. वाचायला ४०० आणि ४९० नॅनोमीटरच्या आसपासचे दोन प्रकाश आळीपाळीने टाकायचे आणि गुणोत्तर काढायचं. हा सेन्सर वनस्पतींच्या पेशींतही वापरला गेलाय. सायटोक्रोमचा पट्टा ठळक की फिका हे बघून इलेक्ट्रॉनबद्दल विचारला जाणारा प्रश्न, फक्त नव्या दिव्याखाली.

घरी करून बघा

हे आम्ही देवपूरच्या स्वयंपाकघरात केलं. नोटा तपासायची छोटी यूव्ही टॉर्च घ्या. दोन काचेच्या वाट्यांत चिमूटभर हळद टाका. एकीत सर्जिकल स्पिरिट, दुसरीत पाणी. अंधार करून वरून टॉर्च मारा. स्पिरिटमधली हळद हिरवट-पिवळी चमकेल, पाण्यातली जवळपास नाही. आता स्पिरिटच्या वाटीत थोडं थोडं पाणी घाला. चमक उतरत जाईल. पाणी जवळ आलं की चमक मंदावते, जीकॅम्पच्या पिंपात होतं काहीसं तसंच. स्पिरिट पेट घेतं, गॅसपासून लांब ठेवा, आणि टॉर्च डोळ्यांत मारू नका.

मामी दारात उभ्या राहून बघत होत्या. वाटीत पाणी पडलं आणि उजेड गेला, तेव्हा त्यांनी पुन्हा करायला लावलं. दोनदा. मग मी त्यांना कमलाताईंची गोष्ट सांगितली, अटींसकट. मामा काही बोलले नाहीत. पण रात्री जेवताना त्यांनी तिला लॅबचा पत्ता विचारला, होस्टेल लॅबपासून किती लांब आहे तेही विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत जाऊन बघून यायचं ठरवलं. अजून होकार नाही. पण दोघांची तिकिटं मी काढून दिली आहेत.

तुमची हळद चमकली का, फोटो आला का, कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि घरात कोणी रात्रीच्या लॅबसाठी अडून बसलं असेल, तर ही पोस्ट त्यांना पाठवा.